एका तारेचा ठराव

आपरेटर भोंग्यावरून नोटीस वाचायचे ती थेट जावक क्रमांकापासून. मग दिनांक, मग 'प्रति, माननीय चेअरमनसाहेब', मग विषय, मग संदर्भ, आणि मग कधीतरी मजकूर. खाली सही लागली नाही तर "सही अवाच्य" असं स्पष्ट सांगायचे. तिथं थांबतील तर ते आपरेटर कसले! 'प्रत माहितीसाठी' म्हणून कागदाच्या तळाला जी साहेबलोकांची यादी असते तीही शेवटच्या नावापर्यंत वाचायची. गावाला एवढंच सांगायचं असायचं की साखर आली आहे, पिशव्या घेऊन या. ते सांगून होईपर्यंत अर्धं पोतं उठलेलं असायचं.

मी त्या गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून रुजू झालो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, आणि जगातली सगळी कामं झटपट उरकावीत असं माझं ठाम मत होतं. जळकोटच्या अलीकडं फाट्यावर उतरून आत तीन मैल चाललं की गाव लागायचं. सोसायटीची दोन खोल्यांची दगडी इमारत, मागं खताचं गोदाम, वर पत्र्यावर दोन भोंगे. एका बऱ्या सालात सोसायटीनं ते भोंगे आणि त्यांचं मशीन विकत घेतलं होतं. मशीन म्हणजे अँप्लिफायर. वीज असली तर विजेवर, नसली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचं.

आपरेटर हे काही त्यांचं नाव नव्हे. कागदावर ते शिपाई होते, आणि कागदावर आहेत म्हणून सकाळी आधी शिपायाची सगळी कामं करायचे. मग हातपाय धुऊन, पूर्ण बाह्यांचा सदरा अंगात चढवून, गळ्यापर्यंत बटणं लावून माइकपुढं उभे राहायचे. चैत्राच्या उन्हात हा काय अवतार, असं मी एकदा विचारलं.

"भोंग्यावर बोलायचं म्हंजे समद्यांच्या घरात जायचं, साहेब," ते म्हणाले. "तसंच उघडं कसं जावं?"

त्यांचं घर ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत होतं. गावातल्या कितीतरी ओसऱ्यांवर त्यांना 'बसा' म्हणणारं अजून कुणी नव्हतं. त्या घरांत त्यांचा आवाज मात्र दिवसातून दोनदा जायचा. हे माझं म्हणणं झालं; त्यांनी स्वतः असं कधी बोलून दाखवलं नाही.

कागदाचं त्यांना विलक्षण वेड होतं. खाली पडलेला छापील कपटा उचलून दोन्ही बाजूंनी वाचल्याशिवाय ते केरात टाकत नसत. नोटिशीतलं नको ते गाळत जा, म्हणून मी एक दिवस चिडलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "काय गाळलं ते ऐकनाराला कसं कळावं, साहेब? आमच्या बापजाद्याला समद्यांनी गाळूनच वाचून दावलं. घटनेच्या कागदानं आमाला मानूस केलं. कागदावर हाय ते हाय." संध्याकाळची नोटीस त्यांनी पुन्हा जावक क्रमांकापासून वाचली.

तरुणपणी चौदा वर्षं ते मुंबईत होते. तिथं सिनेमाची गाणी ध्वनिमुद्रित व्हायची त्या खोल्यांमध्ये वाद्यं उचलून न्यायची, वायरी जोडायच्या, गुंडाळायच्या, हे काम. एक म्हातारा गोवेकर वादक होता. त्याची गिटार हेच उचलायचे. जेवणाच्या सुट्टीत म्हातारा यांच्या हातात गिटार द्यायचा आणि स्वतः डबा खात बोटांच्या चुका सांगायचा. रोजचा अर्धा तास, चौदा वर्षं. पुढं इकडं आई अंथरुणाला खिळली म्हणून ते गावी आले आणि इथंच राहिले. त्या अर्ध्या तासाबद्दल ते क्वचित बोलत, पण बोलताना डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर आपोआप चालायला लागत.

मी रुजू झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी गोवेकराच्या पुतण्याचं पत्र आलं. काका गेले, जाताना सांगून गेले की ही गिटार जो उचलत होता त्याला द्या, सोलापूरला अमक्याकडं ठेवली आहे. आपरेटरांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि सोबत रजेचा अर्ज. 'कारण' या शब्दापुढं लिहिलं होतं: गिटार आणणे. मी हसत सही केली. ते मात्र हसले नाहीत. परत आले ते घामानं निथळत. कंडक्टरनं पेटी टपावर टाकायला सांगितली, तेव्हा आपल्या सीटवर पेटी बसवून हे सोलापूर ते जळकोट उभे राहिले होते.

ते साल पाण्याच्या दुष्काळाचं होतं. बहात्तरचा दुष्काळ धान्याचा होता, हा पाण्याचा, असं म्हातारी माणसं सांगायची. ओढा कोरडा, आडांना तळ दिसलेला. एक दिवसाआड नळदुर्गच्या बाजूनं टँकर यायचा आणि गावविहिरीत पाणी ओतून जायचा. ओतल्याबरोबर सगळं गाव विहिरीवर तुटून पडायचं. आधी पोचेल त्याला पाणी, मागून येईल त्याला गाळ. वस्ती ओढ्यापलीकडं, त्यामुळे गाळ कुणाच्या वाट्याला यायचा हे सांगायला नको. विहिरीला चार बाजू होत्या. वस्तीच्या बायकांनी कोणत्या बाजूनं पोहरा सोडायचा हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

पेटी गोदामात, खताच्या पोत्यांवर उघडली. आत लाल मखमल आणि मखमलीत ती गिटार. मध्ये मधाच्या रंगाची, कडेला जात जात काळी होत गेलेली. गळ्यावर शिंपल्याचे पांढरे ठिपके. पट्ट्यांची चांदीसारखी चमक. अमेरिकेत बनलेली होती, असं आपरेटर म्हणाले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या गोदामात, त्या युरियाच्या वासात, इतकी देखणी वस्तू कधी आली नसेल एवढं कळत होतं. त्यांनी ती मला उचलायला दिली. पायलीभर ज्वारीची पिशवी असावी तेवढं वजन होतं. मी हलकी असेल म्हणून एका हातानं धरायला गेलो आणि आपरेटरांच्या तोंडून "अगंऽ" असा आवाज निघाला. एरवी मला ते कधी ओरडले नव्हते.

चेअरमनअण्णा बघायला आले. गावातले मोठे बागायतदार, कपाळावर विभूती, अडत्याच्या नजरेनं कोणतीही वस्तू उलटीपालटी करून बघायची सवय.

"यप्पा! आरं, ह्येला भोकच न्हाय. आवाज कुठून यावा?"

"ह्येच्या पोटात आवाज नसतो, अण्णा. मशीनला जोडल्याबिगर वाजत न्हाय."

"म्हंजे तुज्यावानीच हाय," अण्णा म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन गेले.

आपरेटरांनी गळ्याच्या टोकाच्या खुंट्या पिळून तारा सुरात आणल्या आणि तशीच, न जोडता वाजवून दाखवली. काहीच ऐकू येईना. डबीत चार काड्या हलवाव्यात तेवढा आवाज. माझा चेहरा पडलेला पाहून ते म्हणाले, "हितं, ह्या खुंट्याच्या टोकाला दात टेकवा, साहेब. लाजू नका."

मी इकडंतिकडं पाहिलं आणि टेकवले. त्यांनी स्वतः जबड्याचं हाड गिटारीच्या वरच्या कडेला लावलं आणि वाजवायला लागले. आणि मला ऐकू आलं. कानांनी नव्हे, दातांतून, कवटीतून, आतूनच. किती वेळ वाजवलं कोण जाणे. काहीतरी संथ होतं. वर वर चढत जायचं आणि ज्या सुरावर उतरेलसं वाटायचं त्याच्या अलीकडंच थांबायचं. एका लाकडाच्या दोन टोकांना तोंड लावून दोन बाप्ये बसलेले. कुणी पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं! पण मी दात बाजूला घेतले नाहीत. माझ्या आयुष्यात मी इतकं जवळून दुसरं काही ऐकलेलं नाही.

मशीनला जोडायचं ठरलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. माइकची पिन आणि गिटारीची पिन एकच निघाली. आपरेटरांनी सदरा घातला, बटणं लावली. "आदी जाड तार बगू," म्हणाले आणि सगळ्यात जाड तार एकदाच छेडली.

पत्र्यावरचे दोन्ही भोंगे हंबरले. तो आवाज मला अजून आठवतो. लांब, जाड, थरथरता, गावावरून ओढ्यापलीकडं गेलेला. आपरेटरांचे डोळे मिटले होते. तार पूर्ण विझेपर्यंत त्यांनी दुसरीला हात लावला नाही. मी बाहेर पाहिलं तर समोरच्या बोळातून एक बाई डोक्यावर घागर, काखेत कळशी घेऊन धावत निघाली होती. तिच्या मागं दुसरी. मग सगळ्याच बोळांतून बाया, पुरुष, पोरं, डबे, घागरी, पत्र्याचे पिंप. टँकरचा ड्रायव्हर ओढ्याच्या वळणावर असाच लांब हॉर्न द्यायचा. गावाला वाटलं टँकर आला.

विहिरीवर सगळं गाव उभं राहिलं. पाण्याचा पत्ता नाही. कुणी रस्त्याकडं बघतंय, कुणी विहिरीत. वस्तीवरूनही बाया आल्या होत्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच गावाच्या बरोबरीनं आल्या होत्या. आवाज तिथवर चांगलाच पोचला होता. त्यांच्यात आपरेटरांच्या घरच्याही होत्या. मी त्यांना वहिनी म्हणायचो. पहाटेपासून ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर बसून, वाटीवाटीनं त्यांनी एक घागर गढूळ पाणी जमवलं होतं. आवाज ऐकला तशी ती घागर त्यांनी शेळ्यांपुढं ओतली आणि रिकामी घेऊन पळत आल्या.

खरं काय ते कळल्यावर लोक जे बोलले ते बोलले. ते लिहिण्यासारखं नाही. वहिनी सोसायटीच्या दाराशी आल्या. आत आपरेटर गिटार गळ्यात अडकवून तसेच उभे होते.

"तुमाला तारा दिसत्यात," वहिनी म्हणाल्या. "रांजन दिसत न्हाय." एवढं बोलून त्या पुन्हा झिऱ्यावर गेल्या.

दोन दिवसांनी मीटिंग भरली. वाद्य जप्त करा, शिपायाला काढा, असा सूर होता. अण्णा मात्र सुपारी कातरत विचार करत बसले होते. त्यांचं डोकं वेगळं चालायचं.

"काढायचं कामून?" ते म्हणाले. "टँकर आला म्हनून ह्यो भोंग्यावर बोंबलतोय दोन म्हैने, वाऱ्यानं निम्म्याला कळत न्हाय. ह्या आवाजानं समदं गाव आलं का न्हाय? आजपास्नं टँकर आला की ही तार वाजवायची. वस्तू कामाची हाय."

लोकांना पटलं. आपरेटर दाराशी उभे होते. मीटिंगमध्ये ते कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"वस्तू माजी हाय, अण्णा. म्या वाजवतो. पन ठरावात दुसरं कलम घाला. टँकर आला की येक खेप गाव आदी भरंल, येक खेप वस्ती आदी भरंल. कोनत्या बी बाजूनं."

पंचांपैकी एक जण खाकरला. अण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. तार नको म्हणावं तर पाणी पुन्हा गोंधळात. हो म्हणावं तर हे. शेवटी ते म्हणाले, "घाल. पन मग आमचं बी येक. ही तार टँकरबिगर भोंग्यावर यायची न्हाय. पुन्यांदा बाया फुकट पळाल्या तर तुजं डोकं फोडतील आनि माजं बी."

"चालंल," आपरेटर म्हणाले.

ठराव मीच लिहिला. पाण्याचा विषय खरं तर ग्रामपंचायतीचा. पण सरपंच अण्णांचे धाकटे भाऊ होते, त्यामुळे प्रश्न कोणत्या वहीत लिहायचं एवढाच होता. मशीन सोसायटीचं म्हणून सोसायटीच्या वहीत लिहिलं. माझं अक्षर चांगलं, सरकारी भाषा नुकतीच हाताला बसलेली, अंगात हौस. दुसरं कलम पाळ्यांचं; पहिल्यात अण्णांची अट मी लिहिली: 'सदर वाद्य टँकरच्या सूचनेखेरीज अन्य कोणत्याही प्रयोजनार्थ सोसायटीच्या मशीनवर वाजविण्यात येऊ नये.' वाक्य कसं गोळीबंद झालं म्हणून मी ते दोनदा वाचून दाखवलं. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.

त्यानंतर दोन उन्हाळे आपरेटरांनी ती एक तार वाजवली. ओढ्याच्या वळणावर टँकर दिसला की सदऱ्याची बटणं लावायची, उभं राहायचं, जाड तार तीनदा छेडायची, दर वेळी आवाज पुरता विझू द्यायचा. मग पिन काढून माइकची पिन लावायची आणि टँकर रिकामा होईपर्यंत अख्खा ठराव वाचायचा: ठराव क्रमांक, कलम एक, कलम दोन, सूचक, अनुमोदक, आणि आज पाळी कुणाची. पहिली पाळी वस्तीची आली तेव्हा गावातल्या बाया घागरी घेऊन एका अंगाला उभ्या राहिल्या. कुरकुरत, तोंडं वाकडी करत, पण राहिल्या. वहिनींनी पोहरा सोडला तो पायऱ्यांच्या बाजूनं, जिथं पाणी नितळ असतं. आपरेटर पत्र्यावर चढून बघत होते. खाली आले आणि गोदामात जाऊन बराच वेळ पोती रचत बसले. आधी रचलेलीच पोती होती.

टँकरच्या आधी ते सहाच्या सहा तारा सुरात लावायचे, लाकडाला जबडा टेकवून. वाजणार एकच, मग एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारलं.

"येका बोटानं खायचं म्हनून बाकीची चार धुवायची न्हाईत का, साहेब?"

दुपारी काम नसलं की ते गोदामात पोत्यावर बसून तसेच, न जोडता वाजवायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, माणसाची दाढ दुखतेय आणि तो लाकडाला गाल लावून बसलाय. मला वाईट वाटायचं. एकदा म्हणालो, भोंगे राहू द्या, जुन्या रेडिओचा एखादा लहान स्पीकर आणू, इथल्या इथं मशीनला जोडू, बाहेर जाणारच नाही आवाज.

त्यांनी मान हलवली. "कागदात मशीन लिवलंय, साहेब. भोंगा न्हाय लिवलेला. अण्णा भोंगा म्हनले व्हते. मशीन तुमी लिवलंय."

मी वही काढून पाहिली. खरंच होतं.

"अहो, कोण बघतंय?"

"कोन बगत न्हाय," ते म्हणाले. "पन म्या पैलं कलम मोडलं की त्येनी दुसरं मोडाय मोकळे. ते तर वाटच बगायलेत. ह्या कागदावर माज्या वस्तीचं पानी हाय." मग म्हणाले, "पाऊस झाला की तेवढं पैलं कलम काढून टाका. दुसरं ऱ्हाऊ द्या. तुमच्या हातानं लिवलंय, तुमच्याच हातानं काढा."

"काढतो की," मी म्हणालो. "त्यात काय!"

तिसऱ्या वर्षी पाऊस झाला. ओढा वाहिला, विहीर भरली, टँकर बंद झाला. मी अण्णांपाशी विषय काढला. ते म्हणाले, "कशाला उकरायलाव, सेक्रेटरी? येक काढा म्हनलं की मंडळी दोन्ही काढा म्हनतील. झाकून हाय ते झाकून असू द्या." हे मी आपरेटरांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. 'पुढच्या मीटिंगला घेतो' म्हणालो. पुढची मीटिंग आली. विषयपत्रिका मी लिहिली, आणि ती गावाला वाचून दाखवणार आपरेटर. त्यांनी ती नेहमीप्रमाणे जावक क्रमांकापासून वाचली. विषय एक, विषय दोन, असं करत ते शेवटच्या 'ऐनवेळचे विषय'पर्यंत आले आणि तिथं जरा थांबले. मग माझी सही वाचली. अशा तीन मीटिंगा झाल्या. तिन्ही वेळा तो विषय पत्रिकेत नव्हता, आणि तिन्ही वेळा ती पत्रिका त्यांना स्वतः भोंग्यावर उभं राहून सगळ्या गावाला वाचून दाखवावी लागली. चहाचा कप माझ्यापुढं ठेवताना त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मग माझी बदली सास्तूरला झाली. माझी वळकटी डोक्यावर घेऊन आपरेटर फाट्यापर्यंत आले. नको म्हटलं तरी ऐकेनात. एस.टी. दिसली तेव्हा म्हणाले, "तेवढं ऱ्हायलं, साहेब."

"नव्या सेक्रेटरीला सांगून ठेवलंय मी," मी म्हणालो.

सांगितलेलं नव्हतं. चार्ज देताना मी कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, वह्या, अगदी मोडक्या खुर्च्यासुद्धा यादीत घातल्या होत्या. हे तेवढं घातलं नव्हतं. एस.टी.त बसल्यावर सास्तूरहून नव्या माणसाला कार्ड टाकू, असं मी ठरवलं. ते कार्ड मी कधीच टाकलं नाही. विसरलो असं म्हणायची सोय नाही, कारण अधूनमधून आठवायचं, आणि आठवलं की मी दुसऱ्या कामाला लागायचो.

त्या गावी पुन्हा गेलो तो एकदम नोकरी संपल्यावर, अण्णांच्या नातवाच्या लग्नाला. अण्णा नव्हते. आपरेटरही नव्हते, जाऊन चार वर्षं झाली होती, असं मांडवात कळलं. सोसायटीत डोकावलो. तिथल्या तरण्या सेक्रेटरीला ठरावाचं काही ठाऊक नव्हतं. जुन्या वह्या वाळवीनं खाल्ल्या, म्हणाला. पत्र्यावर भोंगे नव्हते. जेवण न करताच मी ओढा ओलांडून वस्तीवर गेलो.

वहिनींनी ओळखलं. चटई टाकली, तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. घरात आता नळ होता. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी माळ्यावरून पेटी काढली. लाल मखमल कसरीनं खाल्ली होती. गिटार तशीच होती, तारा तेवढ्या गंजलेल्या. वरच्या कडेला चार बोटं रुंद असा रंग पार उडून लाकूड उघडं पडलं होतं, आणि ते लाकूडही जबड्याच्या हाडानं झिजून गुळगुळीत झालेलं. गळ्यावरच्या पट्ट्यांवरून मी बोट फिरवलं. प्रत्येक तारेखाली, प्रत्येक पट्टीला, वरपासून खालपर्यंत खोल चऱ्या पडल्या होत्या. सहाही तारांखाली. गावानं ज्यांच्याकडून एकच तार ऐकली त्यांनी ही किती वाजवली असेल, याचा हिशेब मला लावता येईना. खुंट्यांच्या टोकाला दोन दातांचे बारीक व्रण होते. ते माझे. दुसऱ्या कुणाचे नव्हते.

"शेवटपत्तोर हाडाला लावून बसायचे," वहिनी म्हणाल्या. "सोसायटीनं मशीन मोडीत काढलं तवा ह्येनी मागून घरी आनलं. नीट केलं, पुसून ठिवलं. म्या म्हनायची, आता तर घरातच हाय, लावा की येकदा. कोन बगतंय? तर म्हनायचे, मशीन सोसायटीचंच हाय. साहेब ठराव काढतो म्हनलेत. नव्या सेक्रेटरीला सांगून ठिवलंय म्हनलेत. कागद येऊ दे."

मी पाणी प्यायला तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मला म्हनले व्हते येकदा, लाव दात, ऐक," त्या म्हणाल्या. "म्या रागात व्हते. त्या सांडलेल्या पान्याचा राग. न्हाय म्हनलं. मग त्येनी पुन्यांदा इचारलं न्हाय, आन म्या बी म्हनलं न्हाय." गिटारीवरची धूळ त्यांनी पदरानं पुसली. "तुमी येकट्यानंच ऐकलंय म्हनं. सांगायचे मला, साहेबांनी ऐकलं म्हनून. कसं वाजवत व्हते हो?"

मी आठवायचा प्रयत्न केला. संथ होतं, चढत जायचं, आणि अलीकडंच थांबायचं. याच्यापुढं काही येईना. तो सूर, ती चाल, काही नाही. पुऱ्या जगात जे ऐकलेला मी एकटा माणूस होतो, ते माझ्याकडंही उरलं नव्हतं.

"चांगलं वाजवायचे," मी म्हणालो.

"व्हय का," वहिनी म्हणाल्या. "मला वाटायचंच." आणि त्यांनी गिटार मखमलीत नीट निजवून पेटीचं झाकण लावलं.